कमरेवरचे पाचशे बारा ग्रॅम

रिव्हॉल्वर घरी आणलं त्या दुपारी मी ते आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. रिकामं, पाचशे बारा ग्रॅम. दुकानदाराने पाचशे सांगितले होते. बारा ग्रॅमसाठी मी कुणाशी भांडत नाही, पण लिहून ठेवतो. सहा काडतुसं वेगळी तोलली, अडुसष्ट. बायको दारात उभी राहून बघत होती.

"झालं असंल तर काटा पुसून ठेवा," ती म्हणाली. "उद्या त्याच्यावर मला लाडवाचा रवा मोजायचाय."

मी जमिनी मोजतो. परवाना असलेला खासगी मोजणीदार आहे, घर बीदरला मैलूर भागात. भालकी, औराद, खाली आळंदपर्यंत तेवीस वर्षं हेच काम केलं. भावाभावांच्या वाटण्या, खाल्लेले बांध, बुजलेल्या पाणंदी. माझी रेघ ज्याच्या बाजूने पडते तो चहा पाजतो. ज्याच्या विरुद्ध पडते तो चार दिवस बोलत नाही, मग तोही कामाला बोलावतो. असंच चालायचं.

दोन वर्षांपूर्वी खटकचिंचोळीजवळच्या एका मोजणीत बांध साडेचार गुंठे सरकला. मी सरकवला नव्हता. तो मुळात तिथंच होता, शेजाऱ्याच्या नांगराने वर्षानुवर्षं खाल्ला होता. परतताना दोघांनी माझी मोटरसायकल अडवली. माझा उजवा हात एका दगडावर धरला आणि दुसरा दगड मनगटावर घातला. "ह्याच हातानं रेघ वढलास न्हवं?" एवढंच त्यांच्यातला एक बोलला. मनगटात दोन पट्ट्या आणि सात स्क्रू आहेत. खटला चालू आहे, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

हात जुळला, पण एकट्याने शिवारात जाणं बंद झालं. बायको म्हणाली, मी मागं बसून येते. आली. दीड वर्षाहून अधिक काळ ती माझ्या मागच्या सीटवर बसून गावोगाव आली. झाडाखाली डबा घेऊन बसायची आणि चारी बाजूंना बघायची. तिचं स्वतःचं शिवणकाम होतं, ते निम्म्यावर आलं. शेतकरी हसायचे. "सायेब, वैनीस्नी बी काठी धरायला शिकवा की, एक माणूस कमी लागंल." मीही हसायचो. पण बावन्न वर्षांचा माणूस बायकोच्या राखणीत काम करतो, हे मला पटत नव्हतं आणि ते थांबवायचं कसं हेही कळत नव्हतं.

परवान्याचा अर्ज मी त्याच काळात केला होता. चौदा महिने आणि नऊ फेऱ्या लागल्या. परवाना हातात आला तेव्हा बायकोने एकदाच, शांतपणे सांगितलं.

"लोखंड बाळगून माणूस वाचत न्हाई. ते चालवायला आलं पाहिजे. मला दाखवा. आलं तर एकटे जावा, मी तोंडातून शब्द काढणार न्हाई. न्हाई आलं तर मोजणीचं यंत्र विकायचं आन् घरात बसून नकाशे काढायचे."

मला हे मान्य होतं. परीक्षा मात्र मोजता येईल अशी हवी, एवढंच मी म्हणालो. ती आम्ही गोळीबाराच्या मैदानावर शिकवणाऱ्या निवृत्त हवालदारांना ठरवायला सांगितली. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. सात पावलांवर आमच्या घरातल्या जेवणाच्या ताटाएवढा गोल, अकरा इंच. अठरा गोळ्या, सहाच्या तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीची पहिली गोळी कमरेवरून काढून. त्यातल्या सोळा गोलात पाहिजेत.

हलकं घेतलं ते दिवसभर बाळगायचं म्हणून. यंत्राची पेटी, तिकाटणं, पाणी, वर ऊन. त्यात किलोभराचं लोखंड मी चार दिवसांत कपाटात टाकलं असतं हे मला माहीत होतं. पण हलक्या हत्याराची किंमत हातालाच द्यावी लागते. अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "जड बंदूक धक्का सोता खाती, हलकी तुम्हाला खायला घालती." चाप किती जड आहे ते मी स्प्रिंगच्या ताणकाट्याने बघितलं. पावणेसहा किलो. माझं मनगट चौथ्या वेळेला थरथरू लागायचं. मूठही लहान होती, करंगळीला जागाच नव्हती.

मुठीवर मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन वेढे घातले. तीन मिलिमीटर जाडी वाढली आणि हात घसरायचा थांबला. एका स्नेह्याने सुचवलं होतं की बीदरचा आहेस, मुठीवर बिदरी नक्षी करून घे. मी म्हणालो, जे दिसू नये म्हणून एवढी खटपट करतोय त्याच्यावर चांदी कशाला?

मग म्यान. बैलांच्या गळ्यातले चामडी पट्टे करणारे एक चाचा जुन्या गावात बसतात, त्यांचा टाका मला आवडतो. पण हत्यार त्यांच्याकडे ठेवून यायचं नव्हतं. परवाना माझ्या नावावर, ते माझ्याच हातात राहणार. म्हणून मी कॅलिपरने एकतीस मापं घेतली आणि सुताराकडून सागवानी नमुना करून घेतला. आत शिशाचा तुकडा घालून वजनही पाचशे ऐंशी केलं, म्हणजे भरलेल्या रिव्हॉल्वरएवढं.

चाचांनी लाकूड उलटंपालटं करून बघितलं. "साहेब, पंचेचाळीस साल झाले, बैल मापायला मीच जातो. बैलाचा लाकडी पुतळा घेऊन कुनी आलं न्हाई."

"मला तीन गोष्टी पाहिजेत चाचा. वाकलो तर पडू नये, शर्टाखाली दिसू नये, आणि हात घातला की अडकू नये."

"दोन सांगा. तिसरी अल्लाकडं मागा."

तीन म्यानं झाली. पहिलं उजव्या कमरेचं होतं, पण पट्ट्या घातलेलं मनगट तेवढं मागे वळेना. दुसरं डाव्या बाजूला पुढे, मूठ उजव्या हाताकडे तोंड करून. हात बरोबर पोचत होता, पण यंत्रावर वाकलो की मूठ पोटात रुतायची. लाकडी नमुना मी महिनाभर कमरेवर वागवला. दिवसात किती वेळा वाकतो ते एका दिवशी मोजलं, दोनशे चौदा. तिसऱ्या म्यानात चाचांनी मूठ दोन बोटं खाली उतरवली आणि ते जमलं.

एक अडचण उरली आणि ती आमच्यासारख्या माणसांनाच येणारी होती. आमचं घर बसवण्णांना मानणारं. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी असते आणि ती उतरवायची नसते. मी वाकलो की डबी लोंबकळून रिव्हॉल्वरच्या मुठीवर आपटायची. टक्. सरळ झालो, वाकलो, टक्. माझी थोरली बहीण, अक्का, आमच्याकडे राहते. तिने हे ऐकलं आणि डबीच्या शिवदाराची गाठ सोडून दोरा चार बोटं वर घेतला. "देवाला खाली कामून लोंबवायलास अप्पा? छातीवर ठेव, तिथंच त्याची जागा हाय."

दोन महिने रोज सकाळी खोट्या काडतुसांवर चाप ओढला, भिंतीला धान्याची पोती लावून. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीतल्या कपाटात, किल्ली बायकोकडे. आठवड्याला तीन ओढी वाढवत तिसावर आलो. रविवारी मैदान. ताटातल्या गोळ्या सहात दोनवरून पाचवर आल्या. परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरली. अण्णा म्हणाले, शेवटचे तीन दिवस हाताला आराम द्या. दिला.

त्या दिवशी पहिली गोळी ताटात, दुसरी ताटात. तिसऱ्या वेळेला चाप ओढला तर काडतुसांची चक्री फिरेना. जोर लावला, मनगटातून कळ गेली, चक्री जागची हलली नाही.

"नळी समोर. बोट बाहीर," अण्णा मागून म्हणाले. नळी मातीच्या बांधाकडे तशीच ठेवून त्यांनी ते हळूच घेतलं, उघडलं, काडतुसं काढली. काडतुसं वर उचलणारी चांदणी असते, तिच्याखाली त्यांनी नख घातलं. नखावर गुलाबी लगदा आला. त्यांनी वास घेतला.

"खोबरेल," ते म्हणाले. "आन् विभूती. आन् कुंकू."

खंडेनवमी. दोन दिवसांपूर्वी पाटावर यंत्र, साखळी, शिवणयंत्राची कात्री, विळी आणि रिव्हॉल्वर मांडलं होतं. मी ते मुद्दाम उघडून ठेवलं होतं, रिकामं आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून. अक्काने तीन बोटं विभूतीची ओढली, कुंकू लावलं, आणि लोखंड गंजू नये म्हणून वर थेंबभर तेलही सोडलं. पूजा झाल्यावर मी बाहेरून पुसलं. सुरक्षितता म्हणून उघडं ठेवलेल्या भागातच सगळं गेलं होतं, आणि तिथं मी बघितलं नव्हतं.

"देवापुढं ठिवलं ते बरं केलाव," अण्णा म्हणाले, "पन परसाद बी त्यालाच चारला की तुम्ही."

मी बायकोकडे बघितलं. ती हसत नव्हती. मोजणीचं यंत्र घ्यायला उदगीरचा एक जण तयार होता, तो येऊन बघूनही गेला होता.

"हे अक्कांचं चुकलं का?" तिने विचारलं.

"नाही. माझं. काडतुसं भरायच्या आधी मी चांदणी उचलून बघायला हवी होती."

"मग नापास."

"नापास," मी म्हणालो.

अण्णा मध्ये पडले. "वैनी, हात बराबर हाय त्यांचा. दोन्ही गोळ्या बघा की."

"हात मी बघायलेच की अण्णा. नजर बघायची राह्यलीय." थोड्या वेळाने ती मला म्हणाली, "पंधरा दिवस देते. उदगीरवाल्याला थांब म्हणते. एकदाच."

घरी आल्यावर अक्काला कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. मी तिला रिव्हॉल्वर उघडून, जुन्या दात घासायच्या ब्रशने चांदणीखाली कसं साफ करायचं ते दाखवलं. तिने मन लावून बघितलं आणि म्हणाली, "म्हंजे पुढल्या साली बंद करून मांडायचं. सरळ सांगायचं की तसं." त्या पंधरा दिवसांत मी रोज दोनदा तपासत होतो. चक्री सहाही घरांवर फिरवायची, चांदणी उचलायची, नळीतून उजेड बघायचा, म्यान उलटं करून झटकायचं. पहिल्या दिवशी म्यानातून कापसाच्या बोंडाचं टरफल पडलं. बघायचं असतं ते असं.

दुसऱ्या परीक्षेला बायकोने ताट सोबतच आणलं आणि पुठ्ठ्यावर स्वतः गोल काढला. मी काडतुसं भरण्याआधी चांदणी उचलली, तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत होती.

पहिली फेरी, सहापैकी सहा. दुसरीत पाचवी गोळी चुकली हे मला ती सुटतानाच कळलं. मनगट खाली पडलं आणि ते सावरताना नळी वर गेली. तिसऱ्या फेरीआधी अण्णांनी मला पाणी प्यायला लावलं. तिसरी फेरी सहापैकी सहा, आणि शेवटच्या तीन गोळ्या तर एका पानाच्या विड्याखाली झाकल्या असत्या.

आम्ही तिघं पुठ्ठ्याजवळ गेलो. मी मोजलं. सतरा.

बायकोने त्या एका भोकावर बोट ठेवलं. "ही बी आतच हाय की. कडेला लागलीय."

"बाहेर आहे."

"अवं, अर्धं बोट!"

"अर्धं बोट बाहेर म्हणजे बाहेर. सतरा."

"मी देते म्हणायलेय तर घ्या की अठरा!"

"वैनी," अण्णा म्हणाले, "ह्यांचं मनगट लोकांनी कामून फोडलं ते आज कळालं मला."

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. दोन वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मग तिथूनच तिने उदगीरला फोन लावला. "यंत्र विकायचं न्हाई. व्हय, नक्की. ते कामावर जायलेत." फोन ठेवून ती मला म्हणाली, "मला तेवढं घरी सोडा. दोन ब्लाऊज राह्यलेत."

सोमवारी मी एकटा निघालो. मागची सीट रिकामी असल्याने गाडी खड्ड्यांत उडत होती, तेही मला आवडलं. काम भालकीच्या पुढे होतं, दोन भावांची वाटणी. थोरल्याने आधी माझ्या मागे बघितलं. "वैनी न्हाई आल्या?"

"घरी आहेत. काठी धरा."

यंत्रात डोळा लावायचा म्हणजे एक डोळा मिटायचा आणि पाठ उघडी टाकायची. मार बसल्यापासून मी दर वाचनानंतर मान वळवून बघत होतो. त्या दिवशी सेहेचाळीस बिंदू घेतले आणि चहा येईपर्यंत एकदाही वळलो नाही. शर्टाखालच्या वजनाला हात लावायची गरज पडली नाही. ते आहे एवढं कळत होतं.

दुपारी हिशोब जुळला. दोन्ही भाऊ समोर, आजूबाजूला सात-आठ माणसं. मी आकडा मोठ्याने वाचला. थोरल्याच्या ताब्यातले दोन गुंठे, धाकट्याचे.

थोरला म्हणाला, "नीट बघून बोल. ह्याच गावातून जायचंय तुला."

मी चष्मा पुसला आणि आकडा पुन्हा वाचला. तेवढ्याच मोठ्याने.