सागवानाला आणि प्लायलाही चालेल असं पातं

टेम्पोवाल्या हरेशचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. “काका, सॅमसनकाका गेले वो.” माझ्या तोंडून निघालं, “कधीचं विमान होतं?” पलीकडून हरेश हळूच म्हणाला, “विमान नाय काका. सकाली उठलेच नाय ते.”

त्याला आता महिना होऊन गेला. पण मी असं का विचारलं, ते सांगितल्याशिवाय सॅमसनबद्दल मला काही लिहिता येणार नाही.

पनवेलच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तो बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू. त्याचे नातेवाईक एकेक करून इस्रायलला गेले, पुढे मुलगीही गेली. “मी इथेच,” असं तो म्हणायचा, आणि बायको रिबेका वारल्यावरही म्हणत राहिला. नोकरीभर त्याने विम्याचे दावे तपासले. जळालेल्या गोदामात खरंच माल होता का, हे हुडकायचं काम. तो संशय त्याच्या अंगात मुरला होता. भाजीवालीने कोथिंबीर फुकट दिली तरी तो जुडी सोडून बघायचा. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्याने मागच्या पडवीत एक जुनं टेबल सॉ आणून बसवलं, म्हणजे टेबलाच्या मधून गोल पातं वर येणारं लाकूड कापायचं मशीन. मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस रमेल.

पातं घ्यायला मला बरोबर नेलं. बाजारातल्या दुकानदाराने एक चकचकीत डबा पुढे केला. “ऑलराउंडर आहे काका. सागवान, प्लाय, सगळं कापेल.” सॅमसनने चष्मा कपाळावर चढवला. “मग बाकीची पाती कशाला ठेवलीत दुकानात?” दुकानदार हसला, सॅमसन हसला नाही. कमी दातांचं पातं सागवान झरझर कापतं पण प्लायचे पापुद्रे काढतं, जास्त दातांचं प्लायला गुळगुळीत पण जाड लाकडात तापतं, हे तो घरून वाचून आला होता. शेवटी मधलं, चाळीस दातांचं पातं निवडलं. ते काउंटरच्या काचेवर आडवं ठेवून कुठे डुगडुगतं का बघितलं, मग उजेडात धरून दातन् दात नीट जोडलाय का ते तपासलं. महागड्या पात्याकडे मान वळवली नाही आणि सगळ्यात स्वस्ताला हात लावला नाही. “दोन घे की,” मी म्हटलं, “सागवानाला एक, प्लायला एक.” तो म्हणाला, “इतकं कोणाला कापायचंय, विनायक?”

ते वाक्य मला खटकलं. रमायचं म्हणून मशीन घेणारा माणूस असं बोलत नाही. मग खटकायला लागलं ते थांबेचना. पडवीत प्लायच्या मोठमोठ्या चौकटी दिसायला लागल्या, त्यांना आतून आधाराला जुन्या पलंगाचं सागवान. चौरंग करतोय म्हणाला. एवढे मोठे चौरंग? मागच्या खोलीला नवं कुलूप. मी गेलो की पडवीचा दिवा बंद. आणि एक दिवस टेम्पोवाला हरेश मला रस्त्यात भेटला. “काकांच्या पेट्या बंदराला न्यायच्या हायत. तुमाला म्हाईत नाय?”

मी तसाच त्याच्या घरी गेलो. “कधी जातोयस?”

“कुठे?”

“मला तपास करायला लावू नकोस, सॅमसन. पेट्या कसल्या आहेत?”

त्याने उठून मागच्या खोलीचं कुलूप काढलं. आत शिलाई मशीन, पितळी दिवे, एक पाळणा, लग्नांचे फोटो... प्रत्येकावर खडूने एकेक नाव. “जाताना जो तो म्हणाला, राहू दे तुझ्याकडे, पुढच्या खेपेला नेतो. कोणी नेलं नाही. माझ्यामागे हे सगळं भंगारात जाईल.”

“मग मला सांगायला काय झालं होतं?”

“तू विचारलं असतंस, माझ्यामागे म्हणजे काय. डॉक्टरांनी हृदयाचं काय ते सांगितलंय. मला त्यावर बोलायचं नव्हतं.”

मी मान डोलावली, पण मला ते पटलं नाही. पोरीकडे जायचं ठरलंय आणि हा मला समजावतोय, असंच आतून वाटत राहिलं. पेट्या एकेक करून गेल्या, खोली रिकामी झाली. आता हाही जाईल, म्हणून मी वाट बघत होतो. म्हणून ते विमान.

गेल्या आठवड्यात इस्रायलमधल्या अश्दोदहून हन्नाचा फोन आला. सॅमसनच्या चुलतभावाची ही नात, पनवेल तिने लहानपणी बघितलेलं. “विनायकआजोबा, पणजीची शिलाई मशीन पोचली. पण पेटी उघडत नाही हो! स्क्रूवर स्क्रू मारलेत, वर पट्ट्या, पट्ट्यांवर परत स्क्रू. सॅमसनआजोबांचा आमच्यावरसुद्धा विश्वास नव्हता का?”

“कोणावरच नव्हता,” मी म्हटलं. “घाई करू नकोस. कोपऱ्यापासून सुरू कर.”

तिने फोन बाजूला ठेवला असावा. एकेक स्क्रू ताटलीत पडल्याचा आवाज येत राहिला... बराच वेळ. तिने फोन बंद केला नाही, मीही नाही.