मुलाच्या मापाचा शर्ट

गल्लीच्या तोंडाशी शिवणाचं दुकान चालवणाऱ्या मावशीचं गणित हातातल्या टेपपुरतं. तिचा एकुलता एक मुलगा मात्र गणितात असा बुडालेला, की ताटात काय वाढलंय याचाही त्याला पत्ता नसे. अठ्ठाविसाव्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. त्याच्या सरांनी त्याच्या नावाने तरुण गणितज्ञांसाठी दरवर्षी एक पुरस्कार सुरू केला. वयाची अट त्याच्याएवढीच ठेवली.

पदक सरांच्या संस्थेचं, शर्ट मावशीचा, असं ठरूनच गेलं. शर्ट ती मुलाच्या मापावरच बेतायची. ही गणितवाली पोरं मेली सगळी हडकुळी, त्यामुळे तो कुणालाही व्हायचा. मुलगी जिंकली तरी शर्टच, त्याच मापाचा, बिचाऱ्या घालायच्याही. ती एक संध्याकाळ मावशीला वर्षभर पुरायची.

यंदा सर दुकानात आले आणि स्टुलावर अवघडून बसले.

"मावशी, वयाची अट पस्तिसापर्यंत न्यावी म्हणतोय. हल्ली या पोरांना नाव काढायला उशीर होतो. तुमचा होकार हवा."

"म्हणजे माझ्या मुलापेक्षा मोठा माणूस त्याच्या नावाचं बक्षीस घेणार?"

"हो."

"मग नाव बदला आणि खुशाल द्या!" तिने मशीन असं दामटलं की सुईच मोडली. तिला मुलगा आहे त्या वयातच हवा होता. तिच्याकडे तेवढाच उरला होता.

सरांनी वाकून सुईचा तुकडा उचलला आणि मशीनवर ठेवला. हा माणूस आपल्या मुलासाठी आपल्याइतकाच रडलाय, हे तिला ठाऊक होतं. शेवटी ती म्हणाली, "करा काय करायचं ते. शर्ट मात्र त्याच मापाचा."

यंदाचा मानकरी तेहेतीस वर्षांचा निघाला. कार्यक्रमाआधी मागच्या खोलीत तो शर्ट घालायला गेला आणि तिथेच अडकला, म्हणून मावशीला आत बोलावलं. केस विरळ, चष्मा जाड आणि पोट सुटलेलं. मधली बटणं काही केल्या लागेनात.

"माफ करा हं मावशी," तो ओशाळून म्हणाला. "दोन पोरांचा बाप झालोय. पोट काही ऐकत नाही."

मावशी तशी फटकळ, पण आज ती त्याच्या पोटाकडे नुसती बघत राहिली. तिचा नवराही तिशीनंतर असाच सुटला होता. मुलाचंही पोट सुटलं असतं. बायकोने टोमणे मारले असते, पोरं अंगाखांद्यावर चढली असती, आणि मावशीने कुरकुरत त्याचे शर्ट सैल करून दिले असते.

"काढ तो. बाजू उसवून देते," ती कशीबशी म्हणाली. टाके उसवता उसवता ती तिथेच खुर्चीत बसून हमसाहमशी रडली. आजवर ती अठ्ठावीस वर्षांच्या पोरासाठी रडत आली होती. केस विरळ झालेला, पोट सुटलेला तिचा मुलगा तिला आज पहिल्यांदाच दिसला, आणि दिसला तेव्हाच तोही गेला.