डोळ्यावरचा तळहात

आमचं खगोल मंडळ शाळेच्या मैदानावर दुर्बीण लावतं, तेव्हा मला आकाशाइतकीच रांगही बघावीशी वाटते. दुर्बिणीपाशी आलं की मोठी माणसंही तोंड वाकडं करून एक डोळा मिटतात आणि क्षणभर लहान दिसतात.

परवा साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या. त्यांना काही केल्या एकच डोळा मिटता येईना. मागे रांग खोळंबली. "राहू दे, मला नाही जमायचं," म्हणत त्या ओशाळून बाजूला होऊ लागल्या. तेवढ्यात त्यांच्या यजमानांनी पुढे होऊन त्यांच्या डाव्या डोळ्यावर अलगद तळहात ठेवला.

"आता बघ."

"अगं बाई! शनीला खरंच कडं आहे हो!"

रांगेत हसू पसरलं, तरी यजमानांनी हात काढला नाही. इतकं लांबचं बघायला कुणीतरी इतकं जवळ असावं लागतं, असं मला वाटून गेलं.

"अहो, सरकला की तो!" बाई म्हणाल्या.

"तो नाही, पृथ्वी फिरतेय. म्हणजे आपणच फिरतोय," मी सांगितलं.

"ऐकलंस?" यजमान म्हणाले. "आणि म्हणतेस, मी तुला कुठे फिरायला नेत नाही!"