ड्रायव्हिंग मास्तरांचं तुंबणं

पन्नाशी ओलांडून मास्तर थोडे पुढे सरकले आणि त्यांच्या गाडी शिकवण्याचा रस्ताच बदलला. पूर्वी ते नवशिक्यांना नदीकाठच्या मोकळ्या सडकेवर न्यायचे. आता गाडी गावातल्या गावात गिरक्या घ्यायची. पेट्रोल पंप, तिथून सिनेमागृह, तिथून वाचनालय, की परत पेट्रोल पंप. वाचनालयाच्या मागे पोचलं की मास्तर म्हणायचे, "हं, आता या दोन गाड्यांच्या मधे लावा बघू. सावकाश लावा. मी आलोच." आणि दार उघडून असे धूम ठोकायचे की नव्या विद्यार्थ्यांना वाटायचं, काय या माणसाला वाचनाची ओढ!

आत गेल्यावर मात्र सगळी घाई संपायची. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे. छताकडे बघायचे, खोकून बघायचे, एक आख्खं गाणं मनात म्हणून व्हायचं, तेव्हा कुठे चिकट माणसाच्या खिशातून नाणी निघावीत तसे चार थेंब निघायचे. बाहेर येऊन पट्टा लावतात न लावतात तोच वाटायचं, राहिलंच की थोडं!

बायको म्हणायची, "अहो, दाखवा एकदा कुणाला तरी."

"काय दाखवायचंय? थंडी आहे."

थंडी गेली, उन्हाळा आला. "कलिंगड जास्त झालं," मास्तर म्हणाले. कलिंगडं संपली तेव्हा त्यांनी चहावर आळ घेतला. खरं म्हणजे मास्तर घाबरले होते. त्यांच्या दोस्तांत गुडघ्यावर, दातांवर, टकलावर तासन्‌तास बोलणं व्हायचं, पण कमरेच्या खालचा विषय निघाला की सगळे एकदम हवामानावर बोलायला लागायचे.

बायकोचं शिलाई मशिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. बाई हुशार, हाताला तेल आणि जिभेला धार. तिला गाडी शिकायची फार हौस होती. मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली, पण तिला शिकवायचं नाव काढलं की हात जोडायचे. "नवरा शिकवणार आणि बायको शिकणार, अशी गाडी थेट वकिलाच्या दारात जाऊन थांबते, बाई. ते नको."

मास्तरांचा जगात एकच वैरी होता. रस्त्याच्या पलीकडे दुसरी ड्रायव्हिंगची शाळा होती आणि तिच्या मालकाला मास्तर नुसतं 'समोरचा' म्हणायचे. दोघं एकमेकांना पाण्यात पाहायचे. भांडणाचं मूळ म्हणजे वाचनालयामागची जागा. समोरच्याची गाडीही नेमकी तिथेच यायची, आणि ती आधी घुसली की मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

असं चाललं असताना मास्तरांना सर्दी झाली. औषधाच्या दुकानातून नाक मोकळं करायच्या गोळ्या आणून त्यांनी दिवसभर खाल्ल्या. नाक छान मोकळं झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर संडासात गेले ते बाहेर येईनात.

"अहो, झालं का?" बायकोने दार वाजवलं.

"नाही."

"नळ सोडू का? आवाजाने होतं म्हणतात."

"सोड."

नळ धो धो वाहिला. बादली भरून वाहायला लागली. मास्तर काही वाहिले नाहीत. बाहेर आले तेव्हा दोन्ही हातांनी पोट धरलेलं, ते पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, कपाळावर घाम. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण जे पळायला हवं होतं ते जागचं हलत नव्हतं.

बायकोने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला अडकलेली, यायला वेळ लागणार. बायकोने फोन ठेवला, चपला घातल्या आणि हात पुढे केला.

"चावी द्या."

"कुणाला?"

"मला. चावी द्या आणि गाडीत बसा."

मास्तर वाद घालायच्या अवस्थेत नव्हते. ते वाकूनच जिना उतरले आणि शिकवणीच्या गाडीत आपल्या नेहमीच्या डावीकडच्या जागेवर बसले. त्या बाजूला मास्तरांसाठी ब्रेकचं वेगळं पॅडल होतं. पण पाय उचलला की पोटात कळ जायची, म्हणून ते असून नसल्यासारखं. मास्तरांनी डोळे मिटले. दुखण्याने नाही तर अपघाताने, पण आज सुटका नक्की.

गाडी सुरू झाली. धक्का नाही, गचका नाही. पहिला, दुसरा, तिसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडले. मास्तरांनी एक डोळा उघडला. बायको आरशात बघत होती. दोन्ही आरशांत! इंडिकेटर देऊन तिने एका टेम्पोला मागे टाकलं आणि चौकात सायकलवाल्याला हाताने "जा बाबा तू आधी" म्हणाली.

"अगं," मास्तर कण्हले, "तुला गाडी येते?"

"येते."

"कधीपासून?"

"लायसन्स मिळून महिना झाला. खड्डा आहे पुढे, पोट धरा."

खड्डा गेला. मास्तरांनी दात-ओठ खाऊन श्वास घेतला. "शिकलीस कुठे?"

बायकोने गिअर बदलला.

"अगं, शिकलीस कुठे?"

"समोरच्यांकडे."

मास्तरांनी अशी किंकाळी फोडली की शेजारून जाणाऱ्या स्कूटरवाल्याने दचकून ब्रेक मारला. दुखण्याने इतका वेळ त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला नव्हता.

"समोरच्याकडे? माझी बायको? त्याच्या गाडीत?"

"तुम्ही शिकवत नव्हता. त्यांनी शिकवलं. आणि छान शिकवलं, ओरडत नाहीत ते. आता बोलू नका, मला उजवीकडे वळायचंय."

मास्तर अर्धे रडत, अर्धे हसत सुटले. हसलं की पोटात कळ, कळ आली की "आई गं", आणि "आई गं" म्हणताना बायकोचं ते ऐटीत वळण घेणं दिसलं की परत हसू. हॉस्पिटलच्या दारात तिने गाडी अशी लावली की मास्तरांनी तशाही स्थितीत खिडकीतून चाकाकडे बघितलं. फुटपाथपासून वीतभर. चूक काढायला जागा नव्हती.

आत एका थोराड ब्रदरने त्यांना आडवं केलं, बधिर करणारं मलम लावलं आणि नळी घातली. मास्तरांनी जीव मुठीत धरला होता. क्षणभर चरचरलं. आणि मग पिशवीत धार लागली. पोट उतरायला लागलं तशी मास्तरांची कळाही पालटली. त्यांनी ब्रदरचा हात धरला आणि सोडेचनात.

"तुम्हाला गाडी येते का हो?"

"नाही."

"फुकट शिकवतो. तुमच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना फुकट!"

"हे काय बोलतायत!" बायको ब्रदरला म्हणाली. "शुद्धीवर आले की विसरतील."

"सगळेच असं बोलतात," ब्रदर म्हणाला. "मागच्या आठवड्यात एकाने मला शेत देऊ केलं होतं."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मोकळ्या बोलायच्या. मास्तरांना कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून त्यांनी बोटाने तपासलं. या तपासणीच्या धास्तीने मास्तरांनी वर्ष काढलं होतं आणि डॉक्टरीणबाई "आता लांब श्वास घ्या" म्हणेपर्यंत ती आटोपलीसुद्धा. मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. वय वाढतं तशी पुष्कळ पुरुषांची ही ग्रंथी वाढते आणि मधून जाणारी लघवीची नळी चेपते.

"आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी ती वाट आणखी आवळते," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाक उघडलंत आणि खालचं दार लावून घेतलंत."

"कॅन्सर?" बायकोने विचारलं. मास्तरांना तो शब्द उच्चारता येत नव्हता.

"ग्रंथी वाढली म्हणजे कॅन्सर असं नसतं. पण आपण बघून घेऊ. रक्त तपासू, सोनोग्राफी करू, आणि जे काढू ते तपासायला पाठवू. आधी आला असतात तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं."

मास्तरांनी मान खाली घातली. बायकोने "कलिंगड" एवढा एकच शब्द उच्चारला.

आधी औषधं देऊन नळी काढून बघितली, पण गाडी परत तुंबली. मग ऑपरेशन ठरलं. बाहेरून कुठे कापाकापी नाही, आतल्या वाटेनेच दुर्बीण घालून वाढलेला भाग खरवडून काढायचा. कमरेखालचं बधिर केलं तरी मास्तर जागेच होते आणि अखंड बडबडत होते. नळी मूत्राशयापर्यंत जाते ते ऐकून त्यांनी विचारलं, "आत वळणं आहेत का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आहेत. आणि वळणावर मला बोलणारा प्रवासी आवडत नाही." मास्तर एकदम चूप. गाडीत मागे बसून बडबडणाऱ्यांना ते स्वतः हेच ऐकवायचे, शब्दन्‌शब्द!

दोन-तीन दिवस नळीतून लाल, मग गुलाबी, मग सरबतासारखं फिकट पाणी येत राहिलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. पाणी भरपूर प्या, चाला, जड उचलू नका, कुंथू नका, आणि काही आठवडे गाडीला हात लावू नका. मधेच थोडं लाल दिसलं तर घाबरू नका, पण गुठळ्या आल्या, ताप आला किंवा परत अडलं तर लगेच या. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते दिवसातून बऱ्याचदा आवळायचे आणि सोडायचे.

"आणखी एक," त्या म्हणाल्या. "तुमच्या दोघांच्या सहवासात बहुधा अडचण येणार नाही. फक्त शेवटी बाहेर काही येणार नाही. ते उलट दिशेने मूत्राशयात जातं. त्याने अपाय नसतो."

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे रिव्हर्स."

बायकोने आपलं तोंड पर्समध्ये घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

सुरुवातीचे दिवस गमतीचेच गेले. हसलं, शिंकलं की थोडं निसटायचं. मग मास्तर हसू आवरायचे, त्यांचा तो ताठ चेहरा बघून बायको फुटायची, तिला बघून मास्तर फुटायचे, आणि परत पायजमा धुवायला. व्यायाम ते मनापासून करत. जेवताना बोलता बोलता मधेच गप्प झाले, भुवया वर गेल्या, की बायको ओळखायची. "करा, करा. मी भाजी वाढते तोवर."

तपासणीचा निकाल आला तो चांगला. गाठ साधी, कॅन्सरचं नावही नाही. त्या दिवशी मास्तर न्हाणीघरातून ओरडले, "अगं, ऐक! ऐक आवाज!" बायको खरोखरच दाराला कान लावून ऐकत उभी राहिली. धार नळासारखी जोरात, सलग. ती म्हणाली, "अय्या!" दोघांनी अशी दाद तर लग्नातल्या सनईलाही दिली नव्हती.

पुढच्या तपासणीला गेले तर बाकावर हातात पाण्याची बाटली घेऊन समोरचा बसलेला! दोघं बघतच राहिले. समोरचा घोट घेत म्हणाला, "भरलं की नरसाळ्यात करायचं म्हणे. धारेचा वेग मोजतात."

"मोजतात. माझा मोजलाय." मास्तर त्याच्या शेजारी बसले. मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे तुम्ही वाचनालयामागे..."

"तिथलं स्वच्छ असतं हो," समोरचा ओशाळून म्हणाला. "तुमची गाडी आधी असली की माझा जीव जायचा."

"आणि तुमची असली की माझा!"

दोघं इतके खदखदून हसले की समोरच्याला नरसाळ्याकडे पळावं लागलं. तो परत आल्यावर मास्तरांनी बाटलीच्या झाकणाशी खेळत, कसंबसं म्हटलं, "बायकोला चांगलं शिकवलंत."

"मी कसलं! मशीन चालवणारा पाय आहे त्यांचा. पहिल्याच दिवशी क्लच कळला."

परतताना बायको गाडी चालवत होती. मास्तर आधी ऑपरेशनची हकिगत परत सांगत होते, मग समोरच्याची, मग आणखी कुणाकुणाला तपासणीला पाठवायचं त्याची. सांगता सांगता त्यांची मान कलली. शेजारच्या जागेवर उभ्या जन्मात डुलकी न घेतलेला माणूस तोंड उघडं टाकून घोरायला लागला. बायकोला हसू आवरेना. घराचं वळण आलं. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, वळण सोडून दिलं, आणि रस्ता छान मोकळा होता म्हणून गाडी तशीच सरळ पुढे काढली.