मी बी

सुई टोचायच्या आधी माणूस जेवढं खरं बोलतो, तेवढं घरीसुद्धा बोलत नसेल. उदगीरला आमची रक्त तपासायची लॅब आहे. मी रक्त काढतो, काउंटरवर रहीमभाई बसतात, शेजारीच डॉक्टर मॅडमचा दवाखाना. येणारा प्रत्येक जण काहीतरी बोलून जातो. कावीळवाल्यांचं बोलणं तर इतकं साठलंय, की मनातून जाता जात नाही.

*

एका मामांचे डोळे पिवळेजर्द. ए प्रकारची कावीळ निघाली. दूषित पाण्यातून होते, पाणी उकळून प्या आणि आराम करा, असं मॅडमनी सांगितलं. मामा बाहेर येऊन रहीमभाईंना ऐटीत म्हणाले, "पोराला लातूरला क्लास लावला, त्याला अजून ए न्हाई आला. मला आला बगा!"

*

कंधारकडच्या एका मावशींच्या गळ्यात काविळीची माळ होती. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते, अशी समजूत. माळ बेंबीपर्यंत आली आणि डोळेही निवळले. मॅडम म्हणाल्या, ही कावीळ बहुतेक वेळा आपोआपच बरी होते, माळ असो वा नसो.

"मंग तुमी काय केलं?" मावशींनी विचारलं.

मॅडमनी जरा विचार केला. "मी बी वाट बघितली," त्या म्हणाल्या.

*

आमच्याकडं खरा घोळ असतो तो 'बी'चा. इथं 'बी' म्हणजे 'पण'. त्यात रक्तगट बी पॉझिटिव्ह वेगळा आणि हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह वेगळं. एका दुकानदारानं रक्तगटाचं कार्ड बघून जेवणच सोडलं होतं. रहीमभाईंनी धीर दिला, "घाबरू नका, ह्यो नुसता गट हाय. मी बी पॉझिटिव्ह."

तो दचकून मागं सरकला. "तुमी बी?"

*

शोभाच्या रिपोर्टमध्ये मात्र घोळ नव्हता. सातवा महिना चालू होता, आणि नेहमीच्या तपासणीत हिपॅटायटिस बी निघालं. नवरा दत्ता आणि सासू धोंडाबाई सोबत होते. मॅडमनी तिघांना बसवून समजावलं. हे रक्तातून, शरीरसंबंधातून पसरतं, बाळंतपणात आईकडून बाळाला लागू शकतं, म्हणून बाळ जन्मल्याबरोबर लस आणि सोबत अँटिबॉडीचं वेगळं इंजेक्शन द्यायचं. दत्तानं तपासून घ्यायचं. एकत्र जेवल्यानं काही होत नाही, हे तर त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

धोंडाबाईंनी मान डोलावली आणि घरी जाऊन सुनेचं ताट-तांब्या वेगळा केला. पोटुशी बाई पडवीत एकटी जेवायची. दत्ता समजावून थकला, भांडला, रुसला. म्हातारी ऐकेना. रक्त द्यायला आला तेव्हा दत्तानं हे सांगितलं, ऐकून मला फार राग आला होता.

दत्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मीच त्याच्या हातात दिला. त्यानं तो खिशात घातला, लसीचा पहिला डोस घेतला आणि घरी गेला. आई ताट वाढायला लागली तेव्हा तिला एवढंच म्हणाला, "मी बी."

दुसऱ्या डोसला आला तेव्हा त्यानंच हे मला सांगितलं, आणि वर कुणाला सांगू नका म्हणाला. तोवर पडवीत दोन ताटं होती, आत एक.

पुढं मुलगी झाली. तिला वेळेवर लस मिळाली, आम्ही सगळे सुटलो.

मग एक दिवस धोंडाबाई एकट्याच लॅबमध्ये आल्या. बाही वर करून म्हणाल्या, "माझं बी रगत बगा."

रिपोर्ट यायला वेळ लागला, तरी हलल्या नाहीत. निगेटिव्ह आला. मी खुशीत सांगितलं, आजी, तुम्हाला काहीसुद्धा झालेलं नाही.

त्या कागदाकडं बघत बसल्या. मग हळूच विचारलं, "मंग म्या एकलीनंच जेवायचं का?"