थेंबाथेंबानं मीठ

सलाइनच्या नळीत एक थेंब फुगतो, लोंबकळतो आणि सावकाश खाली पडतो. कालपासून मी तेवढंच बघत बसलोय.

माझी अख्खी हयात मिठागरात गेली, आणि बायको अंगातलं मीठ कमी झालं म्हणून दवाखान्यात पडली. बीपी आहे म्हणून तिनं मीठ साफ सोडलं होतं, वर लघवी जास्त व्हायची गोळी चालूच. काल सकाळी ती मला म्हणाली, "ए म्हादू, पाणी दे!" जिनं जन्मभर माझं नाव फक्त उखाण्यात घेतलं, तिच्या तोंडी हे ऐकून सून हसली. मी मात्र रिक्षा बोलावली.

"बाटली जरा जोरात सोडा की," मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो.

"नाही बाबा. मीठ एकदम वाढलं तर मेंदूला इजा होते. सावकाशच द्यायचं."

मी सहजासहजी कुणाचं ऐकणारा नाही. पण मीठ घाईनं येत नाही, हे मला ठाऊक आहे. वाफ्यात खाडीचं पाणी घ्यावं, पुढचं काम उन्हाचं. माणसानं काठावर बसून राहावं. तिथं बसताना कधी भीती मात्र वाटली नव्हती.

आत्ता तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, सदरा उलटा घातलाय. एवढ्या लोकांत असेच बसलात?"

सदरा मी तसाच ठेवलाय. तिला अजून थोडं रागवू दे.