आखाजीची तिसरी घागर

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने नव्या घागरी पाणी भरून मांडतात, वर आंबा ठेवतात. आमच्या घरी दोन असतात, आजाची नि आजीची. त्या वर्षी आई पुऱ्या तळून बाहेर आली, तर घागरी तीन होत्या.

"हे कोनाची?"

"माही," भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडलेले बाबा म्हणाले.

मळणीयंत्राच्या धुळीने नि बिडीने बाबांची छाती केव्हाच खाल्ली होती. त्यांच्या श्वासाची बारीक शिट्टी घरभर वाजायची. ती आमच्या अंगवळणी पडलेली. पण सोयाबीन निघालं तेव्हापासून ते बोलेनासे झाले. पारावर जाईनात, श्वासाचा पंप ओढीनात. वाशीमच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, छातीपेक्षा मन जास्त खचलंय, त्यावरही औषध आहे, पुन्हा घेऊन या. बाबा हलायला तयार नव्हते. गावाने 'वय झालं' म्हणून हात झटकले. या शहाण्यांचा मला भयंकर राग यायचा.

आणि आता ही घागर. दारापर्यंत जाताना धापा टाकणाऱ्या माणसाने ती भरली कधी, उचलली कशी, कोणीच पाहिलं नव्हतं. वर आंबासुद्धा नीट ठेवलेला. भिंतीवर कावळा बसला होता. आजा-आजीच्या नावाने ठेवलेल्या पुरीच्या घासाकडे ढुंकूनही न बघता तो तिसऱ्या घागरीकडे बघत होता. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

"जित्या मानसाची घागर मांडतेत काय?" आई म्हणाली.

"मी कुठी जिता हाये?"

आईने आंबा बाजूला केला, ती घागर उचलली नि तोंडाला लावली. पितराचं पाणी जो पितो तो त्याच्यामागे जातो, असं लहानपणी तीच आम्हाला दटावायची. ती गटागट पीत राहिली. पदर भिजला, तरी थांबेना.

बाबा ताडकन उठून बसले. कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता.

"अवं, काहून पिऊन राह्यली? थुक ते! थुक!"

ओरडल्याने उबळ आली, ओठ काळेनिळे पडले. आईने घागर खाली ठेवली. ओल्या पदराने ती पुन्हा पुन्हा तोंड पुसू लागली. तीही घाबरली होती, ते मला तेव्हा दिसलं.

खोकता खोकता बाबांनी कोनाड्याकडे बोट केलं.

"पंप दे मले."